हेतू चांगला होता

विनोदी सिनेमा फसला की आपण सरळ सांगतो: हसू आलं नाही. विषय तिथेच संपतो. पण तो सिनेमा व्यंगात्म असेल आणि त्याने भ्रष्टाचार, हवामानबदल किंवा शेतकऱ्यांच्या आत्महत्या असा भारदस्त विषय हाती घेतला असेल, तर न हसणारा प्रेक्षकच आरोपी ठरतो. त्याला विषयाचं गांभीर्य कळलं नसावं, किंवा तो मुळात पलीकडच्या बाजूचा असावा, असा संशय घेतला जातो. भला माणूस मग मध्यम मार्ग काढतो आणि म्हणतो, विनोद जरा जमला नाही, पण संदेश चांगला आहे. या पुस्तकातले सगळे लेख या एका वाक्याशी भांडण काढून लिहिलेले आहेत.

हे वाक्य फक्त प्रेक्षकांच्या तोंडी असतं असंही नाही. आपल्याकडे करमणूक कर होता तेव्हा सरकार अधूनमधून एखाद्या संदेशपर चित्रपटाला तो माफ करायचं, आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ‘करमुक्त’ ही अक्षरं नायिकेच्या चेहऱ्यापेक्षा मोठी छापून यायची. 2017 साली जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. त्या सवलतीत एक नकळत झालेला विनोद होता. सिनेमात संदेश आहे, तेव्हा त्यात करमणूक धरू नये, असं सरकार लेखी देत होतं.

वादाला अलीकडचं आणि सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर ‘डोन्ट लुक अप’ घ्यावं लागेल. ॲडम मकायचा हा चित्रपट डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. एक धूमकेतू पृथ्वीच्या रोखाने निघालेला आहे आणि सहा महिन्यांत तो आदळून सगळं संपणार आहे. हे ज्यांच्या लक्षात येतं ते दोन खगोलशास्त्रज्ञ म्हणजे लिओनार्डो डिकॅप्रिओचा रँडल मिंडी आणि जेनिफर लॉरेन्सची केट डिबियास्की. ते राष्ट्राध्यक्षांकडे जातात, तर तिथे मध्यावधी निवडणुकीची चिंता. टीव्हीवर जातात, तर तिथे एका गायिकेच्या प्रेमभंगाला त्यांच्यापेक्षा जास्त भाव. पुढे एका अब्जाधीश उद्योगपतीला त्या धूमकेतूत खनिजं दिसतात आणि तो पाडायला निघालेली यानं वाटेतून परत फिरवली जातात. धूमकेतू म्हणजे हवामानबदल, हे मकायने कधी लपवलं नाही.

समीक्षकांत दोन तट पडले. हवामानशास्त्रज्ञांपैकी अनेकांनी मात्र चित्रपट डोक्यावर घेतला: वर्षानुवर्षं आम्ही सांगतोय आणि समोरचा माणूस हसून विषय बदलतो, ते कोणीतरी पहिल्यांदा जसंच्या तसं दाखवलं, असं त्यांचं म्हणणं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनासह ऑस्करची चार नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. टीका वाढली तेव्हा मकायने समाजमाध्यमावर लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की ज्याच्या मनात हवामानाच्या संकटाची थोडीसुद्धा धास्ती नाही त्याला हा सिनेमा कळणारच नाही. यंत्रमानवाला प्रेमकथा दाखवावी तसं ते होईल.

हा बचाव मला लबाडीचा वाटतो. एक तर धास्ती असूनही ज्यांना हसू आलं नाही त्यांचं काय करायचं हे तो सांगत नाही. मी त्यांतलाच एक. आणि दुसरं, जे आधीच घाबरलेले आहेत त्यांनाच कळेल असा सिनेमा काढायचा असेल, तर मग तो सिनेमा ज्या लोकांवर रागावलेला आहे त्यांच्याशी बोलायचा प्रयत्नच सोडून दिला, असं होत नाही का?

पण ‘डोन्ट लुक अप’मध्ये एक विनोद अस्सल आहे. तो नीट पाहिला की बाकीचे का पडले हेही कळतं. दोघे शास्त्रज्ञ व्हाइट हाऊसमध्ये तासन् तास ताटकळत बसलेले असतात. तीन ताऱ्यांचा एक जनरल चिप्सची पाकिटं आणि पाणी आणून देतो, त्याचे पैसे मागून घेतो आणि निघून जातो. नंतर केटला समजतं की तिथे खाणं फुकटच असतं. पृथ्वी बुडायला निघालेली, आणि ही मुलगी पुढचा सगळा सिनेमाभर पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नावर येते: एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाने फुकट चिप्सचे पैसे का घेतले असतील? धूमकेतूच्या खनिजांवर टपलेला अब्जाधीश आणि चिप्सवर दहा-वीस डॉलर मारणारा जनरल यांच्यात फरक फक्त आकड्याचा आहे. हे कोणी बोलून दाखवत नाही. आपण हसतो, आणि हसताना ते आपलं आपल्याला कळतं. आपल्या सरकारी कचेरीत कधी अर्जाचा छापील नमुना विकत घेतलेल्या माणसाला तर ते जरा लवकरच कळतं.

आता याच्या शेजारी मेरिल स्ट्रीपची राष्ट्राध्यक्ष ठेवा. ती उथळ आहे. तिचा मुलगाच तिचा चीफ ऑफ स्टाफ आहे, तो आईपेक्षा उथळ आहे. ते पहिल्या प्रसंगात कळतं, दुसऱ्यात पुन्हा कळतं, आणि पुढेही सिनेमा तेच कळवत राहतो. मूर्ख माणूस मूर्ख आहे यात प्रेक्षकाला नवं काय मिळालं? त्याला फक्त आपण त्यातले नाही याचं समाधान मिळालं. धूमकेतूचं रूपक मला इथेच अपुरं पडतं. धूमकेतू बाहेरून येतो, तो कोणी आणलेला नसतो, आणि त्याला नाही म्हणणारा वेडाच असावा लागतो. हवामानाचं तसं नाही. ते हळूहळू बिघडतं आणि शहाणी माणसं ते बिघडवतात. विमानाचं तिकीट काढणारी, एसी लावणारी, हा सिनेमा घरबसल्या पाहणारी. या शहाण्या माणसांवर एकही विनोद सिनेमात नाही, कारण रूपकातच त्यांना जागा ठेवलेली नाही. विनोद फसले ते लेखकाचा हात कच्चा म्हणून नव्हे. 2015 च्या ‘द बिग शॉर्ट’मध्ये याच मकायने गृहकर्जांच्या रोख्यांसारखा रुक्ष विषय बाथटबमध्ये बसलेल्या नटीच्या तोंडून समजावून दिला होता, आणि तो समजलाही होता. इथे विनोद फसले, कारण विचारानेच सोपी वाट धरली.

या पुस्तकाचा दावा तेवढाच आहे. व्यंगात विनोद हा संदेशावर चढवलेला साखरेचा थर नसतो. तिथे विनोद हाच पुरावा असतो. ‘सत्ता लोभी असते’ हे विधान कोणीही करू शकतं, चिप्सचा जनरल ते सिद्ध करतो. म्हणून जिथे हसू फसतं, तिथे सिनेमाने काहीतरी नुसतं म्हटलेलं असतं, दाखवलेलं नसतं. मग उरतो तो हेतू. हेतूसाठी माणसाला गुण द्यावेत, सिनेमाला कशाला?

अणुयुद्धाच्या विषयावर याची चाचणीच होऊन गेली आहे, आणि एकाच वर्षात. स्टॅन्ली कुब्रिक ‘रेड अलर्ट’ ही पीटर जॉर्जची गंभीर कादंबरी घेऊन गंभीर सिनेमाच लिहायला बसला होता. लिहिताना खऱ्याखुऱ्या गोष्टीच हास्यास्पद दिसायला लागल्या. त्या वगळून पाहिल्या तर खरेपणाच जायला लागला. शेवटी त्याने बेत बदलला, टेरी सदर्नला बोलावलं आणि 1964 साली ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ आला. त्याच कोलंबिया कंपनीने त्याच वर्षी सिडनी ल्युमेटचा ‘फेल सेफ’ प्रदर्शित केला. धोका तोच, सुटलेली बॉम्बफेकी विमानं तीच, फक्त हसू नाही. ‘फेल सेफ’ वाईट सिनेमा नाही. पण त्यात अपघात होतो तो यंत्रातल्या बिघाडाने. ‘स्ट्रेंजलव्ह’मध्ये यंत्रं ठाकठीक चालतात आणि एक वेडा जनरल सोडला तर प्रत्येक जण नियमाने वागतो. जग वाचवायला राष्ट्राध्यक्षांना फोन करायचा आहे, सुटे पैसे नाहीत, म्हणून ब्रिटिश अधिकारी कोका-कोलाचं यंत्र गोळी घालून फोडायला सांगतो. समोरचा कर्नल ते करतो, पण कंपनीला जाब तुला द्यावा लागेल अशी ताकीद देऊन. खाजगी मालमत्तेचा हा आदर, तोही अशा वेळी! हा विनोद आणि जनरलच्या चिप्सचा विनोद एकाच घराण्यातले. कुब्रिकने युद्धकक्षात केक-पाय फेकाफेकीचा एक लांबलचक प्रसंगही चित्रित केला होता आणि शेवटी तो काढून टाकला. हसू कुठे थांबवायचं हे ज्याला कळतं त्याच्या हसण्यावर विश्वास ठेवता येतो.

चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’ने मात्र माझ्या या मांडणीला बरीच वर्षं त्रास दिला आहे. 1940 सालचा हा चित्रपट. हुकूमशहा हिंकेल पृथ्वीचा फुगा घेऊन नाचतो तो प्रसंग, आणि जर्मनसारख्या वाटणाऱ्या पण कसलाच अर्थ नसलेल्या भाषेत त्याने ठोकलेलं भाषण, यांपुढे हुकूमशाहीवरचे ग्रंथ फिके पडतात. आणि मग शेवटी चॅप्लिन विनोद खाली ठेवतो, हुकूमशहासारख्याच दिसणाऱ्या न्हाव्याच्या भूमिकेत थेट कॅमेऱ्याकडे पाहून माणुसकीवर कित्येक मिनिटं बोलतो. माझ्या नियमाप्रमाणे हे भाषण नापास व्हायला हवं. ते होत नाही, पण त्याची कारणं सिनेमाच्या बाहेर आहेत. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती. सिनेमात चॅप्लिनने स्वतःचा पैसा घातला होता. ज्या माणसाने बोलपट येऊनही वर्षानुवर्षं तोंड उघडलं नव्हतं तो अखेर बोलत होता. म्हणजे ते भाषण मी ऐकतो ते चॅप्लिनचं म्हणून; सिनेमातला न्हावी त्यात कुठेच नसतो. पुढे 1964 च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं की छळछावण्यांत खरोखर काय चाललं होतं हे ठाऊक असतं तर हा चित्रपट काढताच आला नसता. हा प्रामाणिकपणा मोठा आहे. पण त्यावरून एवढंच ठरतं की काही गोष्टींवर हसता येत नाही. त्यावर वाईट हसलं तरी चालतं, असं ठरत नाही. यावर एक स्वतंत्र लेख आहे आणि तो मला या पुस्तकातला सगळ्यात अपुरा लेख वाटतो.

आपल्याकडे उपदेश आणि थट्टा यांची सोयरीक जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, लुबाडला जाणारा तिचा नवरा, आणि मध्ये मध्ये येऊन प्रेक्षकांशी बोलणारा विदूषक. संदेश स्पष्ट आहे: शिका. आज वाचताना पाद्रीसाहेबांचं लांबलेलं बोलणं मी भराभर उलटतो आणि विदूषकाशी थांबतो, कारण जोश्याचा हिशेब उघडा पाडायचं काम तोच करतो. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा उचलला तोही याच हिशेबाने. नाच्या आणि सोंगाड्या पाहायला जमलेल्या माणसाला नुसतं व्याख्यान द्यायचं, तर तो उठून गेला असता. सिनेमात अत्र्यांनी 1939 साली ‘ब्रॅंडीची बाटली’ लिहिली, मास्टर विनायकांनी ती दिग्दर्शित केली. मुंबईत दारूबंदी येऊ घातलेली होती, आणि ब्रॅंडी कशाशी खातात हेही ज्याला ठाऊक नाही असा दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम औषधासाठी तिची बाटली शोधत हिंडतो. दारू पिऊ नका हे सांगायला दारू न पिणारा भाबडा माणूस नायक करायचा, ही खरी अत्रे-बुद्धी. ‘देऊळ’वरच्या लेखात मी वेगळी तक्रार केली आहे. 2011 चा हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला. करडी गाय हरवलेल्या केश्याला दत्त दिसतो, आणि दवाखान्याचा आराखडा बाजूला पडून गावात देऊळ उभं राहतं, इथवर त्याचा नेम अचूक आहे. पुढे सिनेमाला, आपलं म्हणणं प्रेक्षकाला कळलं नसेल तर, अशी धास्ती वाटायला लागते.

पण मराठी वाचकाला या प्रश्नाचं सगळ्यात अवघड रूप पाहायचं असेल तर 2009 आणि 2010 चे दोन चित्रपट शेजारी ठेवावेत. दोन्ही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर. दोन्हींत विनोद.

अनुषा रिझवींचा ‘पीपली लाइव्ह’ 2010 चा. कर्जापायी जमीन लिलावात निघालेले दोन भाऊ. आत्महत्या केली तर सरकार भरपाई देतं असं स्थानिक पुढारी टवाळीत सांगतो, थोरला भाऊ धाकट्या नत्थाच्या गळ्यात मरण घालतो, आणि मग टीव्हीच्या गाड्या गावात लोटतात. यातले काही विनोद पहिल्या प्रतीचे आहेत. अधिकारी मदत म्हणून हातपंप देऊन जातात, तो बसवायला मात्र पैसे नाहीत, तेव्हा तो तसाच अंगणात पडून राहतो. तरी विदर्भात चळवळीतल्या लोकांनी या सिनेमाला आक्षेप घेतला. शेतकरी भरपाईसाठी मरतो, असं जणू हा सिनेमा सांगतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा शहरातल्या आम्हा मंडळींनी नाकं मुरडली: यांना व्यंग कळत नाही, सिनेमा तर तुमच्याच बाजूने आहे! म्हणजे पुन्हा तोच बचाव, हेतू चांगला आहे.

आक्षेप मात्र हेतूवर नव्हता. ज्यांच्या घरात मरण झालं होतं ती माणसं सरकारी दप्तरातला विनोद आधीच भोगत होती. तिथे आत्महत्या ‘पात्र’ ठरते किंवा ‘अपात्र’ ठरते. जमिनीचा सातबारा हवा, कर्ज थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. एवढं जुळलं तर एक लाख. हा हिशेब कोण्या व्यंगकाराने रचलेला नाही. ‘पीपली लाइव्ह’ची धार वाहिन्यांवर चालते तेव्हा तो अफाट चालतो. पण त्याच्या गोष्टीचा खिळा ‘भरपाईसाठी मरण’ या कल्पनेवर ठोकलेला आहे, आणि ती कल्पना तर ज्यांच्यावर व्यंग करायचं त्याच पुढाऱ्यांच्या तोंडची. सिनेमालाही हे कुठेतरी जाणवलं असावं. कारण त्यात होरी महतो नावाचा एक म्हातारा आहे. तो माती खणून विकतो आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. कॅमेरे त्याच्याकडे वळत नाहीत. त्या म्हाताऱ्यावर एकही विनोद नाही. मला वाटतं, सिनेमाचा खरा विषय तोच होता, आणि विनोदाला तो पेलला नाही.

सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आदल्या वर्षीचा. विदर्भातलं गाव, शेजारच्या घरात आत्महत्या झालेली. किस्नाची बायको अलका धास्तावते: आता माझा नवरा तर नाही ना? ती त्याच्यावर पहारा बसवते. पोराला मागे पाठवते, सासूला पाठवते. त्याचं मन रमावं म्हणून घरात पैसा नसताना पुरणपोळ्या करते. किस्नाच्या डोक्यात मरायचा विचारही नाही. त्याला पेरणीची काळजी आहे. अवचित पुरणपोळी का, पोरगं शेपटासारखं मागे का, त्याला काही उमगत नाही. गिरीश कुलकर्णींच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ आणि सोनाली कुलकर्णींची ती केविलवाणी लगबग पाहून आपण मनापासून हसतो. आणि हसताना समजतं की या गावात नवरा जिवंत ठेवणं हे घरकामात धरलं गेलं आहे, धुणं-भांडी आणि पाण्याच्या खेपांच्या जोडीला. हा सिनेमा भरपाईवर भाषण करत नाही. शेतीमालाच्या भावाचं गणितही मांडत नाही. तो पहाऱ्यावर हसवतो, आणि पहारा का बसला हे प्रेक्षकाला स्वतःला विचारावं लागतं.

या दोहोंतला ‘पीपली लाइव्ह’ देशभर गाजला आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ फारसा कोणी पाहिला नाही. म्हणजे जमलेला विनोद पोचतोच असंही नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. हवामानशास्त्रज्ञांना ‘डोन्ट लुक अप’ने जो धीर दिला, तोही मी खोटा म्हणणार नाही. एकटं पडलेल्या माणसाला आपली बाजू पडद्यावर पाहून बरं वाटतं. मोर्चात घोषणा दिल्यावरही बरं वाटतं, आणि घोषणा काही कोणी विनोद म्हणून तपासत नाही. फक्त त्या बरं वाटण्याला व्यंगाचं यश म्हणू नये, इतकाच माझा आग्रह. ‘जाने भी दो यारों’ पाहून 1983 साली कोणाला बरं वाटलं असेल, असं मला वाटत नाही. एनएफडीसीच्या तुटपुंज्या पैशात कुंदन शाहांनी केलेल्या त्या सिनेमात बिल्डर, आयुक्त आणि संपादक सगळेच विकाऊ आहेत. त्यातली संपादकीण आपल्या भक्ती बर्वेंनी केली आहे, आणि ती बिल्डरांपेक्षा जास्त सफाईदार आहे. प्रेताला द्रौपदी करून महाभारताचं नाटक उधळून लावल्यानंतर शेवटी दोन्ही प्रामाणिक फोटोग्राफर कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावर उभे राहतात आणि गळ्यावरून हात फिरवून दाखवतात. सिनेमा तिथेच संपतो. पुढे धीर देणारं कोणी येत नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. लेख काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. प्रत्येक लेखात आधी त्या चित्रपटातला एकच विनोद सविस्तर सांगितला आहे, आणि तो का चालला किंवा का पडला हे पाहून झाल्यावरच विषयाकडे वळलो आहे. दिग्दर्शकांच्या मुलाखतींचा आधार शक्यतो घेतलेला नाही, कारण मुलाखतीत सगळ्यांचाच हेतू चांगला असतो. स्टँड-अप विनोदाचे कार्यक्रम आणि फोनवर फिरणाऱ्या चित्रफिती वगळल्या आहेत. तिथे प्रश्न वेगळे आहेत, आणि तिथल्या काही जणांना विनोदासाठी तुरुंगात जावं लागलं आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलताना मोजपट्टी बदलावी लागेल. बरेचसे चित्रपट वाचकाने पाहिलेले असतील असं धरून चाललो आहे. ‘गाभ्रीचा पाऊस’ मात्र पाहिलेला नसण्याचा संभव जास्त. तो आधी पाहून घ्यावा, आणि मग वाटल्यास माझ्याशी भांडावं.